झपाटलेली वास्तू आणि ओसाड केलेली वास्तू

भुताखेतांच्या गोष्टी हा आपल्या समीक्षेचा विषय झालेला नाही. लोकसाहित्याचे अभ्यासक त्या गोळा करतात, त्यांचे प्रकार पाडतात आणि कपाटात ठेवून देतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते त्या खोट्या आहेत हे सिद्ध करतात आणि पुढच्या गावाला जातात. आंबेडकरी समीक्षेला तर या गोष्टींकडे वळण्याचे कारणच नाही, अशी आपली समजूत आहे. भूत नाही हे एकदा ठरले, मग त्याच्या गोष्टीत पाहायचे काय? मला वाटते, पाहण्यासारखे ते तिथूनच पुढे आहे. भूत नाही, पण गोष्ट आहे. ती कोणीतरी सांगतो, कोणत्या तरी जागेविषयी सांगतो, आणि ती सांगितली गेल्यामुळे त्या जागेचे काहीतरी होते.

मी नागपुरात एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. लोकसाहित्याच्या तासाला मी मुलांना आपापल्या वस्तीत ऐकलेली भुताची एकेक गोष्ट लिहून आणायला सांगितली. वह्या जमा झाल्या तेव्हा दिसले की शहरातली बहुतेक भुते तलावांकाठी राहतात. फुटाळा, गांधीसागर, सोनेगाव आणि सर्वांत जास्त अंबाझरी. अंबाझरीच्या गोष्टींत काही गोष्टी तिथल्या उद्यानातल्या एका इमारतीच्या होत्या. ती इमारत म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन. 2021 साली, कोरोनाच्या टाळेबंदीच्या काळात, लोक घरात बसलेले असताना ते पाडले गेले. 2023 साली त्यासाठी धरणे सुरू झाले, त्यात बायका पुढे होत्या. हे सगळे नागपूरकरांना ठाऊक आहे. भवनाभोवती भुताची गोष्टही फिरत होती, हे मात्र मला मुलांच्या वह्यांतून कळले.

गोष्टी अशा : आत कोणी नसताना दिवा दिसतो. रखवालदाराला मागून हाक येते. पांढऱ्या साडीतली बाई पायऱ्या उतरून पाण्याकडे जाते आणि मध्येच नाहीशी होते. वाचता वाचता लक्षात आले की यातली एकही गोष्ट त्या भवनाची नाही. हीच बाई गांधीसागरच्या कठड्यावर आहे, फुटाळ्याच्या रस्त्यावर मोटारसायकलला हात दाखवते, आणि नागपूर सोडून दुसऱ्या शहरात गेलात तर तिथेही ती तुमच्या आधी पोचलेली असते. भवनात कोणते कार्यक्रम झाले, तिथे कोण बोलले, कोण गायले, ते बांधा म्हणून कोण भांडले, यातले काहीही त्या गोष्टींत नाही. इमारतीचे नाव तेवढे आहे, तेही अर्ध्या मुलांनी नुसते ‘ती जुनी बिल्डिंग’ असे लिहिले होते. बाबासाहेबांचे नाव भिंतीवरून जाण्यापूर्वी ते गोष्टीतून गेले होते.

आता थोडे मागे जाऊ, कारण भूत ही काही जातीबाहेरची वस्तू नाही. मराठी मुलखातल्या भुतांची यादी कोणीही करून पाहावी. मुंज होऊन लग्नाआधी मेलेल्या ब्राह्मण मुलाचा मुंजा होतो. तो पिंपळावर राहतो, त्याला पार बांधतात, निवद दाखवतात. ब्राह्मण मेला आणि वासना राहिली तर ब्रह्मसमंध. त्याला माणसे भितात, पण मान देऊन भितात. खवीस बहुधा मुसलमानाचा ठरवलेला, म्हणून तो दांडगा आणि क्रूर. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते, तिची पावले उलटी. मेल्यावर देह जातो, पण जात जात नाही, असे या लोकश्रद्धेचे म्हणणे आहे. चातुर्वर्ण्याची एवढी चोख व्यवस्था जिवंत माणसांतही क्वचित पाळली गेली असेल!

भुतांना राहायला ज्या जागा दिल्या त्याही पाहाव्यात. वेस, मसणवटा, ओढ्याचा काठ, तिवाटा, गावाबाहेरची चिंच. ही जशी भुतांची वस्ती तशीच ती आपलीही वस्ती होती. गावात कोणाला ‘बाहेरचे’ लागले की लिंबू, भात, नारळ ओवाळून उतारा वेशीबाहेर नेऊन टाकायचा, म्हणजे ज्यांची घरे वेशीबाहेर त्यांच्या दारात टाकायचा. गावाची पीडा गावाबाहेर गेली, गाव निवांत झोपले. त्या उताऱ्यातला नारळ पोटासाठी उचलणारा हातही त्या दारातलाच असे. माझ्या आजीचे सासरे भंडारा जिल्ह्यातल्या एका गावात गावकी करीत. कोणाकडे मर्तिक झाले की खबर घेऊन रात्री-अपरात्री पाच-सहा कोस चालत जाणे हे त्यांचे काम. सरणाची लाकडे त्यांनी वाहायची, मेलेले ढोर त्यांनी ओढायचे. आजी सांगे, त्यांना भुताची गोष्ट सांगताना तिने कधी ऐकले नाही. ते विचार करून नास्तिक झाले होते असे नव्हे. ज्या वाटेने रोज जायचे तिच्यावर भूत असणे त्यांना परवडणारे नव्हते. भुताची गोष्ट माडीवर, कंदिलाभोवती बसून सांगितली जाते. त्या वेळी त्या अंधारातून दुसराच कोणी चालत असतो.

मराठीतल्या लिखित भयकथेकडेही या बाजूने पाहता येते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांचे कसब मी नाकारत नाही. माझी मुले आजही ती पुस्तके वाचनालयातून नेतात, आणि पाठ्यपुस्तकातल्या कितीतरी धड्यांपेक्षा मन लावून वाचतात. पण हा प्रकार उभा राहायला आधी काय लागते? जुने घर लागते, माडी लागते, परसातली विहीर लागते, पिढ्यान्‌पिढ्या कुलूप लावलेली एक खोली लागते. झपाटण्यासाठी मालमत्ता असावी लागते. ज्याचे घरच कुडाचे, दर पावसाळ्यात पडणारे, त्याचे घर कोणते भूत झपाटणार? म्हणून दलित साहित्यात भूतकथा जवळजवळ नाही. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये अंगात येणाऱ्या बायका आहेत, आषाढातले देवदेव आहे, पण ते वाचताना भय वाटत नाही, भूक दिसते, आणि त्या अंधारात समाजाला कोणी ठेवले याचा राग येतो. भुताला तिथे गूढाचे वलय मिळत नाही.

दगडविटांची वास्तू आपल्या वाट्याला आली ती विहार, समाजमंदिर, वाचनालय, भवन या रूपाने, आणि ती व्यक्तीला नव्हे, समाजाला मिळाली. मग त्या वास्तूंना भुते लागू लागली. या क्रमाकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

अशा वास्तूचा एक ठराविक प्रवास असतो. आधी रंग देणे थांबते. मग वीज जाते आणि ती कोणी जोडायची यावर दोन खात्यांचा पत्रव्यवहार सुरू होतो. रखवालदार निवृत्त होतो, त्याच्या जागी दुसरा येत नाही. सभागृह मागायला गेलेल्या मंडळाला किल्ली सापडत नाही असे सांगण्यात येते. मग गवत वाढते, काचा फुटतात, संध्याकाळनंतर दारुडे बसू लागतात, आणि नेमक्या याच वेळी कोणाला तरी आत दिवा दिसतो. एरवी कोणी विचारले असते, की हे सभागृह बंद का, याच्या देखभालीचा पैसा कुठे जातो. भुताची गोष्ट आली की प्रश्नच पालटतो. जागा बंद आहे कारण ती वाईट आहे. लोक जात नाहीत कारण तिथे जाऊ नये. ओसाड केलेली वास्तू अशा रीतीने आपोआप ओसाड झालेली ठरते. पुढे ‘मोडकळीस आली होती, उपयोगात नव्हती’ हे वाक्य कागदावर येते तेव्हा त्याला विरोध करायला कोणाच्या मनात त्या जागेची जिवंत आठवण उरलेली नसते. उरलेली असते ती पांढरी साडी.

कोणी कारस्थान करून भुताची गोष्ट पसरवली, असे माझे म्हणणे नाही. तशी गरजच पडत नाही. गोष्ट तयारच असते, रिकाम्या जागेत ती पाण्यासारखी शिरते. पण तिचा लाभ कोणाला होतो हे तपासण्याचा समीक्षेला अधिकार आहे.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर तलावाविषयीही बोलले पाहिजे. अंबाझरी 1870 साली शहराला पाणी देण्यासाठी बांधला गेला. तिथून वाहणाऱ्या नागनदीचे नाव शहराला मिळाले, आणि नाग लोकांची ही भूमी म्हणून बाबासाहेबांनी 1956 च्या धम्मदीक्षेसाठी नागपूर निवडले, असे त्यांनीच 15 ऑक्टोबरच्या भाषणात सांगितले. नाग हे हाडामांसाचे लोक होते. पुराणांनी त्यांना सरपटणारे प्राणी केले. जिंकलेल्या माणसांना अमानवी करून ठेवण्याची ही जुनी रीत महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’त उलगडून दाखवली. राक्षस म्हणजे रक्षण करणारे, म्हसोबा म्हणजे महासुभा, असे अर्थ त्यांनी लावले. त्यांची प्रत्येक व्युत्पत्ती भाषाशास्त्राला पटेल असे नाही. पण लोककथेत पराभूतांचा इतिहास उलटा करून गाडलेला असतो, ही त्यांची दृष्टी आपण का सोडून दिली, हे मला कळत नाही. काठावरच्या साती आसरांपर्यंत ही वाट जाते. डी. डी. कोसंबींनी या जलदेवतांचा माग पुण्याभोवतीच्या रानात पायी फिरून घेतला.

आणि महाड? 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी आपल्या माणसांनी घेतले. त्यानंतर तिथल्या सवर्णांनी 108 घागरी पाणी काढून, पंचगव्य आणि मंत्रांनी तळे शुद्ध केले. या विधीकडे नीट पाहावे. पाण्यात काहीतरी शिरले आहे, ते दिसत नाही, ते मंत्राने काढावे लागते. भूत उतरवण्याचाच हा विधी आहे. फरक एवढाच, की या वेळी पाण्यात शिरलेले भूत म्हणजे दिवसाढवळ्या, रांगेने, ओंजळीने पाणी पिणारी जिवंत माणसे होती. 

आता मेलेल्या माणसांविषयी. पुण्याच्या शनिवारवाड्यात 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पौर्णिमेच्या रात्री तिथे त्यांची काकांना मारलेली हाक ऐकू येते, ही गोष्ट अडीचशे वर्षे महाराष्ट्र सांगतो आहे. मुलाचा खून हा खूनच. त्याबद्दल मला उपरोधाने बोलायचे नाही. पण कान कोणत्या हाकेला तयार होतात? 29 सप्टेंबर 2006 रोजी खैरलांजीत एका कुटुंबातली चार माणसे मारली गेली, प्रेते कालव्यात टाकली गेली. खटला चालला, शिक्षा झाल्या, पण अॅट्रॉसिटीचा कायदा लागला नाही. खैरलांजी नागपूरपासून दूर नाही, आणि माझ्या वर्गात भंडारा जिल्ह्यातली मुले आहेत. त्या कालव्यावर कोणाला हाक ऐकू येते, अशी गोष्ट एकाही वहीत नव्हती. 

यावर एक सोपे उत्तर असे, की आपल्या मृतांचीही भुते व्हावीत, आपल्याही भूतकथा लिहिल्या जाव्यात. मला ते मान्य नाही. इंदोऱ्याला दहा नंबर पुलियाजवळ नामांतराच्या शहिदांचे स्मारक आहे. ऑगस्ट 1978 मध्ये या शहरात पोलिसांच्या गोळीबारात आपली माणसे पडली, त्यांत कोवळी मुलेही होती. त्या पुलियावरून रात्री-बेरात्री हजारो लोक जातात. तिथे भूत दिसल्याचे मी कधी ऐकलेले नाही, कारण तिथे नावे आहेत. दर वर्षी ऑगस्टमध्ये लोक जमतात, फुले वाहतात, घोषणा देतात. कोण मेले, कसे मेले, कशासाठी मेले, हे लहान पोराला विचारले तरी सांगते. ज्याची नोंद ठेवली त्याचे स्मारक होते. ज्याची नोंद पुसली त्याचे भूत करतात.

हाच निकष त्या पांढऱ्या साडीतल्या बाईला लावून पाहावा. नागपूरच्या तलावांत बायका जीव देतात, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला माहीत आहे. पोलीस ठाण्यात मर्ग दाखल होतो. तिला नाव असते, सासर असते, माहेर असते, कोणीतरी मारहाण केलेली असते, कोणीतरी हुंडा मागितलेला असतो. गोष्टीत ती येते तेव्हा हे सर्व गळून पडलेले असते. सासर सुटते, नवरा सुटतो. ती मात्र रस्त्यावरच्या पुरुषांना भिवविण्यासाठी कायमची उभी राहते. मारली गेलेली बाई गोष्टीत मारणारी होते. यापेक्षा मोठी उलटापालट आणखी कोणती असू शकते?

14 ऑक्टोबर 1956 रोजी याच शहरात लाखो लोकांनी ज्या 22 प्रतिज्ञा घेतल्या त्यांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. तिच्याकडे आपण कर्मकांडाचा त्याग एवढ्याच अर्थाने पाहतो. खरे तर तिने भुताचा पायाच काढून घेतला. पिंड मिळाला नाही की प्रेत अडकते, आणि ते सोडवायला भटजी लागतो, हा सगळा व्यवहार त्या एका वाक्याने बंद झाला. बौद्ध वाङ्मयात भुते नाहीतच असे मात्र कोणी म्हणू नये. खुद्दकनिकायात ‘पेतवत्थु’ नावाचा ग्रंथच आहे. परंतु तिथले प्रेत दिसले की भिक्खू पळत नाही, मंत्र म्हणत नाही; तो त्याला विचारतो, तू कोण, तू काय केलेस म्हणून ही दशा आली? आणि प्रेत उत्तर देते. आमच्या तलावाकाठच्या गोष्टींत हा प्रश्न विचारणारे कोणीच नाही. जो तो गाडी सुरू करून पळतो.

2013 साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, भुताचा धाक घालणे हे गुन्हे ठरवले. तो कायदा हवाच होता. पण त्या कायद्याच्या आणि त्या चळवळीच्या कक्षेत आमचा प्रश्न पुरता येत नाही. तो भोंदू मांत्रिकाला पकडतो. एखादी सार्वजनिक इमारत लोकांच्या मनातून उठवणारी गोष्ट त्याच्या हाती लागत नाही, आणि लागूही नये. गोष्टीवर गुन्हा दाखल करता येत नाही. तिला उत्तर द्यावे लागते, आणि ते काम साहित्याचे आहे.

तलावाच्या सांडव्यापाशी दुसरीही एक वास्तू आहे, विवेकानंदांचे स्मारक. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्यानंतर, हे स्मारक पाण्याची वाट अडवते अशी तक्रार उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेली. विवेकानंदांविषयी माझा वाद नाही. त्या वास्तूबद्दल वकील बोलले, अभियंते बोलले, नकाशे निघाले, मोजमापे झाली. असेच व्हायला हवे. उद्यानातल्या भवनाच्या वाट्याला मात्र पाडण्याआधी असा जाहीर वाद आला नाही. त्याच्या वाट्याला पांढरी साडी आली.

आपल्यातल्या शिकलेल्या वर्गाला याबाबत दोष द्यावा लागेल. नोकरीत स्थिर झालेला, मोटारगाडी घेतलेला हा वर्ग झपाटलेल्या जागांची चित्रफीत मोबाईलवर चवीने पाहतो आणि आपल्याच भवनाची गोष्ट रविवारच्या जेवणानंतर पाहुण्यांना रंगवून सांगतो. भूत मानत नाही असे म्हणत सांगतो, हे विशेष. न मानणाऱ्याने सांगितलेली गोष्ट मानणाऱ्याने सांगितलेल्या गोष्टीइतकेच काम करते, किंबहुना जास्त. कारण तिला पुरोगामी घरातही प्रवेश मिळतो.

मुलांच्या वह्यांत एक गोष्ट निराळी होती. ती भवन पाडल्यानंतरची आहे. एका मुलीने लिहिले, की रात्री बारानंतर पाडलेले भवन पुन्हा उभे राहते, सगळे दिवे लागतात, आतून टाळ्यांचा आवाज येतो, आणि पहाटे पुन्हा मोकळी जमीन उरते. वर्गात ती वाचली तेव्हा सगळे गप्प झाले. मुलगी हुशार आहे, तिच्या भाषेला धार आहे. तिच्या गोष्टीत प्रथमच त्या भवनाचे काम होते, सभा होती, माणसे होती. तरीही ती गोष्ट मला खटकली, आणि मी तसे तिला सांगितले. भवन जर रोज रात्री आपले आपण उभे राहत असेल तर ते पुन्हा बांधायची कोणाला निकड वाटणार? हळहळ वाटेल, अंगावर काटा येईल, डोळे ओले होतील, आणि लोक झोपी जातील. सुंदर गोष्टीचा हा धोका कुरूप गोष्टीपेक्षा मोठा आहे. तिने वाद घातला. ती म्हणाली, की ही गोष्ट ऐकून एखादा तरी सकाळी ती जागा पाहायला जाईल. तिचे म्हणणे मी खोडून काढू शकलो असे नाही; वर्गाची मते दोन्ही बाजूंना पडली.

पुढच्या सत्रात मी त्याच मुलांना दुसरे काम दिले आहे. भवनात झालेल्या कार्यक्रमांच्या निमंत्रणपत्रिका, हॅण्डबिले, गायनपार्टीचे फोटो, तिथे लागलेल्या लग्नांच्या पत्रिका, सभागृहाच्या भाड्याच्या पावत्या, जे ज्याच्या घरी ट्रंकेत असेल ते आणायचे. आणि वस्तीतल्या म्हाताऱ्यांना तीन गोष्टी विचारायच्या : तुम्ही तिथे शेवटचे कधी गेलात, वीज कधी तोडली, आणि किल्ली कोणाजवळ होती. वह्यांत आतापर्यंत पत्रिका बऱ्याच आल्या आहेत, पावती एकच आली आहे. किल्लीचे उत्तर अजून कोणाला मिळालेले नाही.